व्हॉल्व्ह बदलण्याआधी: घरच्या अँप्लिफायरची तपासणी, पहिल्यापासून

गेल्या पावसाळ्यात नाशिकच्या सिडकोतला एक ओळखीचा मुलगा आजोबांचा स्टिरिओ अँप्लिफायर घेऊन आमच्या वाड्यात आला. आत काचेचे व्हॉल्व्ह: दोन ईएल ८४, एक ईसीसी ८३ आणि सप्लायसाठी एक ईझेड ८१, एवढाच मामला. उजव्या बाजूचा ईएल ८४ त्यानं दोनदा बदलला होता. पहिला महिनाभर चालला, दुसरा तीन आठवड्यांत वीक झाला. तिसरा आणायला तो पंचवटी एक्स्प्रेसनं मुंबईला, लॅमिंग्टन रोडला निघाला होता. त्याला म्हटलं, आधी सेट उघडू. दोष व्हॉल्व्हमध्ये नव्हताच. त्याच्या आधीचा एक जुना कंडेन्सर लीक होता आणि लावलेला प्रत्येक नवा व्हॉल्व्ह तो खाऊन टाकत होता. कंडेन्सरची किंमत दोन कटिंग चहाइतकी.

हा लेख अशा नव्या लोकांसाठी आहे. व्हॉल्व्ह गेलाय का, हा प्रश्न सगळेच विचारतात. तो का गेला, हे शोधल्याशिवाय नवा लावू नये, असं माझं ठाम मत आहे. खाली मी ज्या क्रमानं तपासतो तोच क्रम दिला आहे. तो बदलू नका, कारण पुढची प्रत्येक पायरी आधीच्या उत्तरावर उभी आहे.

आधी थोडी ओळख

व्हॉल्व्हच्या मधोमध हीटर असतो. तो कॅथोडला तापवतो, तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन सुटतात आणि बाहेरच्या प्लेटकडे जातात, कारण प्लेटवर २५०-३०० व्होल्ट असतात. फ्लेमिंग यांनी १९०४ मध्ये केलेल्या व्हॉल्व्हमध्ये एवढंच होतं. १९०६ मध्ये डी फॉरेस्ट यांनी मध्ये जाळी घातली, तीच ग्रिड. ग्रिडवरच्या छोट्या व्होल्टेजनं प्लेटचा मोठा करंट कमी-जास्त होतो. ग्रिड कॅथोडपेक्षा काही व्होल्टांनी निगेटिव्ह असली पाहिजे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढचं सगळं तिच्यावर चालतं.

नावांतही माहिती असते. युरोपीय पद्धतीत पहिलं अक्षर ‘ई’ म्हणजे ६.३ व्होल्टचा हीटर. ‘एल’ म्हणजे आउटपुटचा पेंटोड (तीन जाळ्यांचा व्हॉल्व्ह), ‘सीसी’ म्हणजे एका काचेत दोन ट्रायोड (एका जाळीचे), ‘झेड’ म्हणजे फुल वेव्ह रेक्टिफायर, एसीचा डीसी करणारा. बंगळूरला भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात बनलेले व्हॉल्व्ह अजूनही जुन्या सेटांत सापडतात, त्यांच्यावरही हीच नावं असतात. काचेवरची अक्षरं बोटानं पुसली जातात, म्हणून नाव आधी वहीत लिहा आणि मगच काच स्वच्छ करा.

नाव ‘यू’नं सुरू होत असेल तर तिथेच थांबा. असे व्हॉल्व्ह बहुतेक मेन्स ट्रान्सफॉर्मर नसलेल्या रेडिओंत असतात. तिथे हीटर एकामागे एक जोडलेले असतात आणि चासीवर, म्हणजे सेटच्या पत्र्याच्या सांगाड्यावर, सरळ मेन्सचा फेज येऊ शकतो. तो सेट नवशिक्यानं उघडू नये.

जीव आधी, सेट नंतर

व्हॉल्व्ह अँप्लिफायरमध्ये २५० ते ४५० व्होल्ट डीसी असतात, आणि प्लग काढल्यावरही ते फिल्टर कंडेन्सरमध्ये (सप्लायचा डीसी सपाट करणाऱ्या कंडेन्सरमध्ये) साठून राहू शकतात. १० किलोओहम, १० वॅटचा एक रेझिस्टन्स घ्या, दोन्ही टोकांना चांगलं इन्सुलेशन असलेल्या वायरी आणि क्लिप लावा. प्लग काढा, एक क्लिप चासीला लावा, दुसरं टोक फिल्टर कंडेन्सरच्या प्लसवर दहा सेकंद धरा, मग मीटरनं मोजा. एकाहून जास्त फिल्टर कंडेन्सर असतील तर प्रत्येकावर मोजा. दहा व्होल्टांच्या खाली आल्याशिवाय आत बोट घालायचं नाही. स्क्रू ड्रायव्हर टेकवून ठिणगी काढणारे कारागीर मी पाहिलेत. त्यानं कंडेन्सर खराब होतो आणि डोळ्यालाही धोका असतो.

सेट चालू असताना मोजायचं असेल तर मीटरची काळी वायर क्लिपनं चासीला लावून ठेवा आणि एकाच हातानं काम करा. दुसरा हात पाठीमागे. अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. पायात रबरी चप्पल हवी आणि घरात कुणीतरी जागं हवं. मीटर व वायरी ६०० व्होल्टांच्या वरच्याच घ्या.

जुन्या नाशकातल्या वाड्यांतून राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट बघावी. आमच्याकडे कितीतरी खोल्यांत थ्री पिन सॉकेट दिसतं, पण अर्थची वायर मागे लोंबकळत असते. फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ ही दोन्ही मापं जवळजवळ सारखी आली पाहिजेत, न्यूट्रल-अर्थमध्ये फार तर दोन-चार व्होल्ट. तसं येत नसेल तर वायरमनला बोलवा. अँप्लिफायर महिनाभर थांबेल.

आणि स्पीकर जोडल्याशिवाय व्हॉल्व्ह अँप्लिफायर कधीही वाजवू नका. लोड नसेल तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये प्रचंड व्होल्टेज तयार होऊन त्याचं वाइंडिंग जळू शकतं. व्हॉल्व्ह पुन्हा मिळतो, तो ट्रान्सफॉर्मर मिळत नाही. तपासणीसाठी एखादा जुना स्पीकर ठेवा, चांगला नको.

बरीच वर्षं बंद असलेला सेट

माळ्यावरून काढलेला सेट थेट प्लगला लावू नये. आपल्या वायरमनकडे असतो तसा सिरीज बोर्ड वापरा, म्हणजे मेन्सच्या फेजमध्ये ६० किंवा १०० वॅटचा जुना तारेचा बल्ब. एलईडी इथे चालत नाही. सेट चालू केला की बल्ब क्षणभर चमकून मंद झाला तर ठीक. लखलखीत पेटून तसाच राहिला तर आत कुठे तरी शॉर्ट आहे. पहिल्या वेळी रेक्टिफायर सोडून बाकी व्हॉल्व्ह काढून बघा, म्हणजे सप्लाय एकटा तपासला जातो. सिरीज बल्बवर घेतलेली व्होल्टेज खरी नसतात, ती कमी येतात. नोंदीसाठी बल्ब काढूनच मोजायचं.

डोळ्यांनी

खोलीत अंधार करा आणि सेट चालू करून दोन मिनिटं नुसतं बघा.

प्रत्येक व्हॉल्व्हच्या आत केशरी धग दिसायला हवी. एखाद्यात दिसत नसेल आणि काचही गार असेल तर हीटर किंवा त्याचं सॉकेट. काचेच्या डोक्याला आतून चंदेरी आरसा असतो, त्याला गेटर म्हणतात, उरलीसुरली हवा शोषायला तो असतो. तो पांढरा, दुधासारखा झाला असेल तर व्हॉल्व्हमध्ये हवा शिरली. त्यावर उपाय नाही, तो काढून ठेवा.

आउटपुट व्हॉल्व्हच्या काचेला आतून चिकटलेली निळी झाक घाबरण्यासारखी नाही. भटके इलेक्ट्रॉन काचेवर आदळल्यानं ती दिसते आणि पुष्कळ चांगल्या व्हॉल्व्हमध्ये असते. आतल्या प्लेटींच्या मधोमध धुक्यासारखी जांभळट-गुलाबी धग भरलेली दिसली तर मात्र आत गॅस आहे.

प्लेट लाल होताना दिसली तर क्षणाचाही विचार न करता बंद करा. मुलाच्या सेटमध्ये उजव्या ईएल ८४च्या प्लेटची कड अंधारात अगदी पुसट लाल दिसत होती. दिवसाउजेडी त्याला ती कधीच दिसली नव्हती.

थंड असताना, मीटरनं

प्लग काढून, सेट गार झाल्यावर व्हॉल्व्ह सरळ वर ओढा, किंचित हलवत. ईएल ३४सारखा मोठा असेल तर काचेला न धरता खालच्या बेसला धरा. पिना खालून बघून घड्याळाच्या दिशेनं मोजतात. नऊ पिनांच्या व्हॉल्व्हमध्ये जिथे मोकळी जागा आहे तिथून सुरुवात, आठ पिनांच्यामध्ये मधल्या खुंटीवरच्या उभ्या उंचवट्यापासून.

ईएल ८४चा हीटर ४ आणि ५ वर. थंड असताना एक-दोन ओहम दाखवेल, गरम झाल्यावर तो आठच्या आसपास जातो. ईसीसी ८३चे हीटर दोन, ४ ते ९ आणि ५ ते ९. ईएल ३४चा २ आणि ७ वर. मीटरनं काहीच दाखवलं नाही तर हीटर तुटला. हीटर शाबूत असेल तर ग्रिड आणि कॅथोड यांच्यात माप घ्या, ईएल ८४मध्ये २ आणि ३. तिथे काहीही दिसता कामा नये. ओहम आले तर आतच टेकलंय.

ही चाचणी व्हॉल्व्ह मेलाय का एवढंच सांगते, तो किती जोमदार आहे हे सांगत नाही. त्यासाठी चालू सेटचं व्होल्टेज लागतं, ते पुढे आहे.

नऊ पिनांच्या सॉकेटबद्दल एक इशारा. ईएल ८४, ईसीसी ८३ आणि ईझेड ८१ तिन्ही एकाच मापाच्या सॉकेटमध्ये बसतात. अदलाबदल झाली तर नुकसान नक्की. काढण्यापूर्वी फोटो घ्या.

अदलाबदलीची युक्ती

स्टिरिओ सेटमध्ये ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खरी परीक्षा. डावा ईएल ८४ उजवीकडे, उजवा डावीकडे. त्रास व्हॉल्व्हच्या मागोमाग दुसऱ्या बाजूला गेला तर व्हॉल्व्ह दोषी. त्रास त्याच बाजूला राहिला तर सर्किट दोषी. प्लेट लाल होत असेल तर मात्र अदलाबदल करू नका, चांगला व्हॉल्व्हही बळी जाईल. आणि ईएल ३४च्या ज्या सेटमध्ये बायस (ग्रिडचं निगेटिव्ह व्होल्टेज) लावायचा स्क्रू असतो, तिथे प्रत्येक बदलानंतर बायस पुन्हा लावावाच लागतो.

कानानं

आवाज खराब असेल तर पहिलं काम, व्हॉल्यूम शून्यावर आणा. खरखर किंवा घरघर तशीच राहिली तर दोष व्हॉल्यूमच्या पुढे आहे, म्हणजे ड्रायव्हर (आउटपुटच्या आधीचा व्हॉल्व्ह), आउटपुट किंवा सप्लायमध्ये. व्हॉल्यूमबरोबर कमी झाली तर त्याच्या आधी. अर्धा सेट इथेच बाजूला पडतो.

घरघर दोन प्रकारची असते. आपल्या मेन्सचे ५० हर्ट्झ म्हणजे अगदी खोल ‘हुं’. १०० हर्ट्झ त्याच्या एक सप्तक वर आणि जरा कडक. १०० असेल तर फिल्टर कंडेन्सर म्हातारे झालेत. ५० असेल तर इनपुटची केबल, अर्थ, किंवा एखाद्या व्हॉल्व्हमध्ये हीटर-कॅथोड लीकेज. गाणं-बजावणं शिकलेल्यांना हा फरक चटकन कळतो, बाकीच्यांना दोन-तीनदा ऐकून कळतो.

ईसीसी ८३वर बांबूची सुकी काडी अलगद टेकवा. पेन्सिल नको, तिच्या शिशातून वीज वाहते. स्पीकरमध्ये थोडं ‘टुक’ ऐकू येणं साहजिक आहे, कारण या व्हॉल्व्हचा गुणक, म्हणजे सिग्नल वाढवण्याची ताकद, १०० आहे. घंटेसारखा घुमत राहिला तर तो मायक्रोफोनिक झालाय, म्हणजे हादऱ्याचाही आवाज करतो. काडी लावल्यावर खरखर आली-गेली तर व्हॉल्व्हपेक्षा सॉकेटचा संशय धरा. आपल्याकडे चार महिने पाऊस, मग धूळ, मग थंडी, पिनांवर हिरवट थर चढतोच. सेट बंद ठेवून कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, व्हॉल्व्ह चार-पाच वेळा घाला-काढा, पूर्ण वाळू द्या. माझ्याकडे आलेल्या खरखरीच्या तक्रारींत एवढ्यावर बऱ्या झालेल्या पुष्कळ आहेत. राहिलेल्यांत प्लेटचा जुना रेझिस्टन्स निघतो.

व्होल्टेज: खरी परीक्षा इथे

आउटपुट व्हॉल्व्हच्या कॅथोडला एक छोटा रेझिस्टन्स असतो. त्यावरचं व्होल्टेज मोजलं की व्हॉल्व्ह किती करंट खेचतोय ते कळतं, तेही १० व्होल्टांच्या आसपास मोजून, प्लेटच्या ३०० व्होल्टांना हात न लावता.

ईएल ८४च्या माहितीपत्रकात नेहमीची स्थिती अशी दिलेली असते: प्लेटवर २५० व्होल्ट, प्लेट करंट ४८ मिलिअँपिअर, स्क्रीन ग्रिडचा (पेंटोडमधल्या दुसऱ्या जाळीचा) साडेपाच. मिळून साडेत्रेपन्न. कॅथोडला १३० ओहम असेल तर त्यावर साधारण ७ व्होल्ट यायला हवेत. प्लेटमध्ये तेव्हा १२ वॅट जिरतात, आणि तीच त्याची मर्यादा आहे. म्हणजे हा व्हॉल्व्ह मुळातच काठावर चालतो.

मुलाच्या सेटमध्ये डावीकडे ७.१ व्होल्ट आले. उजवीकडे ९.४. नऊ पूर्णांक चार भागिले १३०, म्हणजे ७२ मिलिअँपिअर. स्क्रीनचा वाटा वजा केला तरी प्लेटमध्ये पंधरा वॅटच्या वर जात होते. नवा व्हॉल्व्ह महिन्यात थकणारच. (रेझिस्टन्स स्वतः १३०च आहे ना, हे सेट बंद करून मोजून घ्या. तो बदललेला असेल तर हिशेब खोटा ठरतो.)

आता कारण शोधायचं. ग्रिडवर, म्हणजे पिन २ वर, चासीच्या हिशेबानं डीसी मोजा. कॅथोड बायसच्या सेटमध्ये, म्हणजे जिथे कॅथोडच्या रेझिस्टन्सनंच ग्रिड निगेटिव्ह होते तिथे, ते शून्य असलं पाहिजे. इथे जवळजवळ चार व्होल्ट प्लस होते. दोन संशयित: आधीच्या व्हॉल्व्हच्या प्लेटवरून ग्रिडकडे येणारा कपलिंग कंडेन्सर, किंवा खुद्द व्हॉल्व्हमधला गॅस. निवाडा सोपा आहे. सेट बंद करा, कंडेन्सर रिकामे करा, फक्त तो ईएल ८४ काढा, सेट अर्ध्या मिनिटापुरता चालू करून सॉकेटच्या पिन २ वर पुन्हा मोजा. प्लस व्होल्ट तसेच राहिले तर कंडेन्सर लीक आहे. नाहीसे झाले तर व्हॉल्व्ह. इथे तसेच राहिले.

हाच कंडेन्सर सोडवून मल्टिमीटरच्या ओहमवर लावला तर चांगलाच दिसतो, आणि म्हणून कितीतरी जण फसतात. १५० व्होल्टांच्या दाबाखाली आणि गरम झाल्यावर तो थोडासा, मायक्रोअँपिअरमध्ये लीक होतो. ग्रिडला तेवढं पुरतं. जुने कागदी कंडेन्सर दिसले की मी मोजत बसत नाही, सगळे बदलतो. तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, ६३० व्होल्टांचा पॉलिएस्टर लावला की झालं.

ग्रिड शून्यावर असून करंट जास्त असेल तर कॅथोडवरचा इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर बघा. तो शॉर्ट असेल तर कॅथोडवर व्होल्टेज शून्य दिसेल आणि प्लेट मात्र लाल. हे फसवं माप आहे. कॅथोडवर काहीच नाही म्हणजे करंट नाही, असं समजून लोक सेट चालू ठेवतात. ग्रिडपासून चासीला जाणारा चार-पाचशे किलोओहमचा रेझिस्टन्स ओपन झाला, म्हणजे आतून तुटला, तरी प्लेट लाल होऊ शकते, व्हॉल्व्ह गरम होत गेला की करंट चढत जातो.

उलट, कॅथोडवर दोन-तीनच व्होल्ट, ग्रिड शून्य, प्लेट आणि स्क्रीनचा सप्लाय बरोबर, रेझिस्टन्सही बरोबर, तर व्हॉल्व्ह थकला. हा खरोखर बदलण्याचा व्हॉल्व्ह.

ईसीसी ८३ला हिशेब आणखी सोपा. प्लेटला १०० किलोओहम, कॅथोडला दीड किलोओहम असेल तर कॅथोडवर एक-दीड व्होल्ट आणि प्लेटवर सप्लायच्या बरंच खाली, २५०च्या सप्लायवर दीडशेच्या आसपास दिसतं. प्लेट आणि सप्लाय सारखेच असतील तर करंटच वाहत नाही. प्लेट फारच खाली असेल तर १०० किलोओहमचा रेझिस्टन्स मोजा, जुने कार्बनचे वयानुसार वर चढतात.

फ्यूज उडत असेल तर

फ्यूजमध्ये तांब्याची तार कधीही गुंडाळू नका. रेक्टिफायर व्हॉल्व्ह काढून, सिरीज बोर्डवर बघा. तरीही बल्ब लखलखला तर ट्रान्सफॉर्मर किंवा हीटरची लाइन, शांत झाला तर रेक्टिफायर किंवा त्याच्या पुढचा फिल्टर कंडेन्सर.

मेन्सचं व्होल्टेज

पुष्कळ जुन्या सेटांच्या मागे २२०-२३०-२४०चा सिलेक्टर असतो. आमच्याकडे रात्री उशिरा मीटर २४५ दाखवतो. सेट २२०वर लावलेला असेल तर ६.३चा हीटर ७ व्होल्टांवर चालतो आणि प्लेटचं व्होल्टेजही त्याच प्रमाणात वाढतं. सेट बंद करून सिलेक्टर २४०वर आणा, मग हीटरच्या पिनांवर एसी मोजा. ५.७ ते ६.९च्या आत हवं, ६.३च्या जितकं जवळ तितकं चांगलं. फुकटचा हा बदल व्हॉल्व्हचं आयुष्य जितकं वाढवतो, तितकं महागडा ब्रँड वाढवत नाही.

नवा घेताना

नवे व्हॉल्व्ह आज मुख्यतः स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमधून येतात. जुना घेत असाल तर मीटर खिशात ठेवा, दुकानातच हीटर मोजा, गेटर बघा, पिना सरळ आहेत का ते बघा. विक्रेत्याकडे टेस्टर असेल आणि काटा हिरव्यात गेला तर आनंद, पण बरेच साधे टेस्टर कमी व्होल्टेजवर फक्त एमिशन (कॅथोडमधून इलेक्ट्रॉन किती सुटतात ते) तपासतात, तिथे पास झालेला व्हॉल्व्ह २५० व्होल्टांवर घरघरू शकतो. परत घेण्याची बोली करूनच पैसे द्या.

मुलाच्या सेटचे दोन्ही कपलिंग कंडेन्सर आम्ही त्याच संध्याकाळी बदलले. थकलेला उजवा व्हॉल्व्ह काढून चांगला लावला. कॅथोडवर उजवीकडे ७.० आले, डावीकडे ७.१. ही मापं, तारीख आणि त्या वेळचं मेन्स व्होल्टेज त्यानं एका कागदावर लिहून खालच्या लाकडी पाटीला आतून चिकटवलं. दर सहा महिन्यांनी तो त्याच दोन जागी मोजतो आणि खाली एक ओळ लिहितो.